सुकेळीच्या उन्हातला गृहस्थ

आज कोठीच्या खोलीचं दार उघडलं आणि वास अंगावर आला. पेंढ्यात घातलेली राजेळी केळी पिकायला लागली की हा वास सुटतो. गोडच असतो, पण नुसता गोड नाही. त्यात थोडा पेंढ्याचा, थोडा ओल्या मातीचा आणि खरं सांगायचं तर थोडा दारूचाही असतो. माझ्या सासूबाई एकादशीला नाकाला पदर लावून त्या खोलीत जायच्या आणि केळी चाचपून तशाच बाहेर यायच्या. उपास मोडला असं कुणी म्हणायला नको.

म्हणजे सुकेळीचे दिवस आले. ज्यांना वसईकडची ही चीज ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. राजेळी केळं पिकून साल काळपट झाली की ते सोलायचं, बांबूच्या ताटीवर थंडीतल्या उन्हात वाळत घालायचं. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून केळीच्या पानात गुंडाळून ठेवायचं. रात्रभरात त्याला घाम सुटतो, तो त्याचा त्यालाच पिऊ द्यायचा. सकाळी पुन्हा ऊन. असं करता करता केळं आक्रसतं, मधाच्या रंगाचं होतं आणि मग महिनोन् महिने टिकतं. साखर नाही, मीठ नाही, काही नाही. ऊन, सावली आणि दोन माणसांचे हात एवढ्यावरच सगळं चालतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी याच दिवसांत एक गृहस्थ माझ्या प्रेमात पडले. मी तेव्हा साठी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, कवळी नवीन आणि अजून तोंडात न रुळलेली. गृहस्थ माझ्याहून मोठे. दिसायला बरे, वागायला सज्जन आणि एका बाबतीत फारच सोयीचे: ते आमच्याच घरात राहत होते. ते माझे यजमानच होते. फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी परळच्या चाळीतली, शिकलेली, लग्नानंतर माणिकपूरच्या शाळेत मुलांना मराठी शिकवलं, तरी 'अहो'च्या पुढे माझी मजल गेली नाही. पण इथे 'हे' आणि 'ते' करत बसले तर वाचणाराच गोंधळेल, म्हणून घेते: हरेश्वर.

हरेश्वर वाडीचा माणूस. आगाशीच्या बाजूला आमची वाडी. आता तिच्या तीन अंगांना इमारती उभ्या आहेत आणि वरच्या मजल्यांवरची पोरं आमच्या वाळवणाचे फोटो काढतात. मधे उरल्यात थोड्या केळी, थोडी पानवेल, विहीर आणि आमचं बैठं घर. पलीकडच्या अर्ध्या घरात माझे धाकटे दीर आणि जाऊबाई सुमन. हरेश्वर या सगळ्यात झाडासारखे उभे असायचे. बोलणं मोजकं. आमच्या संसारात प्रेमाचे शब्द म्हणजे 'जेवलीस का' आणि 'कंदील आत घे'. वीज आल्यावर त्यातला एक गेला.

विसरण्याचीही एक रीत असते, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. नवं आधी जातं, जुनं मागे राहतं. आधी सकाळचा चहा गेला. प्यायला की नाही ते आठवेना. मग आमच्या मुलाचं, निखिलचं लग्न गेलं. मग निखिल गेला. तो समोर बसलेला आणि हे विचारतायत, "पावनं कुठले?" निखिल बोळिंजला फ्लॅटमध्ये राहतो. त्या दिवशी तो रिक्षा न करता चालत घरी गेला. मग एके दिवशी, काही न सांगता सवरता, मी गेले.

ते जाऊन थांबले ते आमच्या लग्नाच्या अलीकडच्या काठावर. तिथे त्यांची आई अजून चुलीपाशी होती, वडील ओटीवर होते, विहिरीला रहाट होता. शाळेत शिकलेली शुद्ध मराठीही गळून पडली आणि आईच्या तोंडची वाडीतली बोली तेवढी उरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, त्यांना खोटं पाडू नका. ते जिथे आहेत तिथे तुम्ही जा." सांगायला काय जातं! ते जिथे होते तिथे मी नव्हतेच.

त्यांच्या लेखी मी एक परकी बाई. आता विचार करा, जुन्या वळणाचा, सरळ मनाचा, बिनलग्नाचा तरुण, आणि त्याच्या घरात सकाळ-संध्याकाळ एक परकी बाई वावरतेय. तो काय करील? तो बाहेर जाईल. हरेश्वर ओटीवर झोपायला लागले. मी ताट ठेवून चार पावलं मागे गेले की मगच जेवायला बसायचे. एका सकाळी सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती म्हणून मी हात पुढे केला, तर माझं मनगट दोन बोटांत धरून त्यांनी बाजूला केलं. झिडकारलं नाही. एखादं भांडं सांडू नये म्हणून बाजूला ठेवतात तसं ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमी कोनाच्या तरी घरच्या. असं बरं नाय दिसत."

त्यांची नजर माझ्या मंगळसूत्रावर होती. त्यांनीच बांधलेल्या.

आंघोळीला ते मला मोरीच्या दारातही उभं राहू देईनात. धाकटे दीर घालायचे, पण त्यांनाही आता वाकवत नाही. एकदा ओल्या फरशीवर दोघेही घसरले. नशीब, नुसतं खरचटलं. त्यानंतर निखिल आला आणि माझ्यासमोर मान खाली घालून बसला. "आई, ते तुला जवळच येऊ देत नाहीत. कसं चालेल? अशा माणसांना सांभाळणारी एक जागा बघितलीय मी. बाग आहे, माणसं चांगली आहेत." तो वाईट मुलगा नाही. त्याचे डोळे सुजलेले होते. आम्ही ठरवलं की सुकेळी आटोपली की बघू. मी 'बघू' म्हटलं खरं, पण मला माहीत होतं की 'बघू' म्हणजे काय. हा हिवाळा उलटायच्या आत त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही तर ते जाणार होते.

आणि मग वाडीतली पहिली राजेळी पिकली.

मला अजूनही हे नवल वाटतं. ज्या माणसाला मुलगा आठवत नव्हता, त्याने कोठीतला वास घेतला आणि उठून, कुणी न सांगता, ताट्या धुवायला घेतल्या. पेंढा झटकला. केळं हातात घेऊन साल दाबून पाहिली आणि म्हणाले, "हे उद्याला. हे आज." एकही केळं चुकलं नाही. डोकं रिकामं होत चाललं तरी बोटांनी आपला वाटा कुणाला दिला नव्हता.

अंगणात, दिवसाढवळ्या, चार लोकांदेखत काम करायला परकी बाई चालते. तेवढी मुभा त्यांच्या काळातही होती. म्हणून मी ताटीच्या दुसऱ्या टोकाला पाट टाकून बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या केळ्याकडे पाहिलं.

"नवीन हाय काय? नख नाय लागू द्यायचं. डाग पडते. देठाकडनं, असं."

चाळीस वर्षं मी या घरात सुकेळी केली. सासूबाईंच्या हाताखाली नखं काढून बसले, उन्हात नाक सोलवून घेतलं. आणि आज हा मला शिकवतोय! जीभ वळवळली माझी. पण त्यांनी साल ओढून दाखवली, सावकाश, पाकळी उकलावी तशी, आणि विचारलं, "जमंल?" मी म्हटलं, "बघते." त्या दिवशी मी मुद्दाम दोन केळ्यांना नख लावलं. पुन्हा दाखवावं म्हणून.

मग रोजचं ठरूनच गेलं. सकाळी पसरायचं, दुपारी उलटायचं, ऊन कलतं झालं की गोळा करायचं. ताटीच्या त्या टोकाला ते, या टोकाला मी. मी शाळेतल्या गमती सांगायची, ते ऐकायचे. हसायचे. लग्नानंतर मी त्यांना हसताना पाहिलं होतं, पण माझ्यामुळे, माझ्याकडे बघून हसताना फारसं नाही. आमच्या लग्नाआधी आम्ही एकमेकांना एकदाच पाहिलं, तेही दहा माणसांत, कांदेपोह्यांच्या बशीआडून. पंचविशीतला हरेश्वर मला कधी भेटलाच नव्हता. तो आता भेटत होता.

सुमन एके दिवशी हसू दाबत आली. "वहिनी, मोठे भाऊजी मला विचारत होते, ही बाई कोन? हात हलका हाय तिचा." माझ्या हाताबद्दल या घरात आजवर एवढंच ऐकलं होतं की मीठ जास्त पडतं. मी दुपारभर स्वतःच्या हातांकडे बघत होते. शिरा वर आलेल्या, बोटं चिकट. हलके!

दुसऱ्या दिवशी मी न्हाऊन, ठेवणीतली हिरवी सुती साडी नेसून निघाले. सुमन दारात उभी. "कुठे हळदीकुंकू हाय काय?"

"नाही ग. भेटायला जातेय."

"कोनाला?"

"तुझ्या मोठ्या भाऊजींना."

ती खो खो हसली, आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला. मी मात्र रडले नाही. मला घाई होती.

आमच्या घरचा एक कायदा होता. सरळ, सोनेरी, न मोडलेलं सुकेळं बाजाराला किंवा पाहुण्याला. तुटकं, काळवंडलेलं घरात. सासूबाई गेल्या तरी कायदा राहिला. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी अखंड सुकेळं खाल्लेलं मला आठवत नाही. त्या हिवाळ्यात पहिली सुकेळी उतरली तेव्हा हरेश्वरांनी ढिगातून सगळ्यात देखणं शोधलं, इकडेतिकडे पाहिलं (आई बघत नाही ना, अशा नजरेने) आणि ताटीखालून माझ्याकडे सरकवलं. "खा," ते हळूच म्हणाले. मी खाल्लं. मध, थोडा धूर, आणि अगदी आत, बीच्या काळ्या ठिपक्यांपाशी, आंबटसर काहीतरी. इतकी वर्षं हे आम्ही विकत होतो!

मग ताटीच्या कोपऱ्यावर कागड्याची फुलं यायला लागली. कागडा थंडीत फुलतो. पांढराशुभ्र, वास जवळजवळ नाही. हातात द्यायचे नाहीत. ठेवायचे आणि दुसरीकडे बघायचे. मी केसात माळली की त्यांचा कान लाल व्हायचा. सत्तरीच्या माणसाचा कान लाल होतो हे मला ठाऊक नव्हतं. मला काय व्हायचं ते लिहायला या वयात लाज वाटते, पण व्हायचं. रोज सकाळी ते मला नव्याने ओळखत नव्हते आणि दुपारपर्यंत पुन्हा तिथेच येऊन पोचत होते, त्याच कोपऱ्यावर, त्याच फुलांपाशी. लग्न करून एकदा निवडलेली बायको सगळ्यांनाच असते. मला रोज निवडत होते. माझ्याकडे सांगायला नाव नव्हतं, नातं नव्हतं, जुन्या दिवसांचा आधार नव्हता, आणि तरी हा माणूस माझ्यापाशीच येऊन बसत होता. देवळात घंटेचा नाद विरताना आपण जसे उगाच उभे राहतो, तशी मी काही दुपारी नुसती बसून राहायची.

आणि मग एका दुपारी ते बिनसलं.

आम्ही एकाच केळ्याला दोन्ही बाजूंनी हात घातला. बोटं लागली. त्यांनी काढून घेतली नाहीत. मी पण नाही. क्षणभर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, इतक्या सरळ की मी खाली बघितलं, आणि वाकल्यामुळे मंगळसूत्र पदरातून बाहेर येऊन ताटीवर लोंबकळलं. त्यांनी ते पाहिलं. चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते अंगणात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. रात्री गेलेली आठवण सकाळी परत येत नसे, पण हे कसं कोण जाणे आत टिकलं होतं. काय झालं ते आठवत नसावं. काहीतरी चुकलंय, एवढंच उरलं होतं. ताट परत यायला लागलं. सुमनला म्हणाले, "दुसऱ्याच्या बायकोकडं बघनं बरं नाय. आपलं घर तसलं नाय." सुमनने मला ते जसंच्या तसं सांगितलं आणि दोघी मोरीपाशी उभ्या राहिलो. मला एकाच वेळी इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की भांडी घासता घासता मी थांबलेच. हा माणूस माझ्या नवऱ्याशी प्रामाणिक राहत होता. ज्याला त्याने कधी पाहिलं नाही, ज्याचं नाव त्याला माहीत नाही, अशा एका माणसाचा संसार मोडू नये म्हणून उपाशी राहत होता. आणि तो माणूस तोच. माझ्यापर्यंत यायच्या वाटेवर तो स्वतःच आडवा उभा होता.

निखिलचा फोन आला. त्या जागेत खोली रिकामी झाली होती.

त्या दिवशी दुपारी मी देवघरासमोर बसले आणि मंगळसूत्र काढलं.

लिहायला एक ओळ पुरली. तसं ते एका ओळीत झालं नाही. लग्नापासून ते गळ्यातून एकदाच उतरलं होतं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सिस्टरने काढायला लावलं, तर सासूबाईंनी काळे मणी दोऱ्यात ओवून माझ्या मनगटाला बांधले आणि मगच मला आत जाऊ दिलं. नवरा जिवंत असताना हे गळ्यातून काढणं म्हणजे काय, हे आम्हां बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. दाराशी उभ्या सुमनचा आवाज चिरका झाला. "वहिनी! वेड लागलं काय? त्यांच्या जिवाला काय झालं म्हंजे?"

"त्यांच्या जिवासाठीच काढतेय."

"लोक काय बोलतील?"

"वरच्या मजल्यावरचे फोटो काढतील," मी म्हटलं. पण मला हुक सापडेना. शेवटी सुमननेच, बडबडत, रडत, माझ्या मागे बसून ते सोडवलं. मी ते देवीच्या पायाशी ठेवलं. मान एकदम हलकी झाली. तिथली कातडी इतकी वर्षं झाकलेली, तिला वारा लागला. मी अंगणात जाऊन माझ्या पाटावर बसले आणि ओटीकडे हाक मारली, "अहो, ऊन चाललंय. एकटीने किती उलटू?"

कामाला नाही म्हणणारे ते नव्हतेच. आले. बसले. एक केळं उलटलं, दुसरं उलटलं, मग वर बघितलं. त्यांची नजर माझ्या गळ्यापाशी थांबली. मी वाट पाहत होते. मला काय वाटलं होतं? त्यांचा चेहरा उजळेल, अडसर गेला असं त्यांना वाटेल. मूर्ख मी. माझे केस पांढरे आहेत. या वयाच्या बाईचा मोकळा गळा म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कुणालाही एका नजरेत कळतं.

त्यांचा चेहरा पडला. हातातलं केळं त्यांनी खाली ठेवलं.

"मालक गेले?" त्यांनी विचारलं. "कदी?"

ओटीवर सुमनने तोंडावर हात दाबला. मला 'हो' म्हणता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, खोटं पाडू नका. एका शब्दाचं काम होतं. पण तो माणूस माझ्यासमोर बसलाय, त्याच्या बोटांना पाक लागलाय, आणि त्यालाच मी कसं सांगू की तू मेलास?

"गेले नाहीत," मी म्हटलं. "आहेत."

"टाकलं तुमाला?"

"नाही हो. टाकणाऱ्यातले नाहीत ते. वाट चुकलेत. घर सापडत नाही त्यांना."

हे त्यांना कळलं. काय कळलं ते मी सांगू शकणार नाही, पण मान हलली. वाट न सापडणं त्यांना ओळखीचं होतं.

"शोधाया कोन जाते?"

"मीच. रोज."

"मानूस कसा हाय?"

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माहेरी विचारलं ते वाडी केवढी, दीर किती. मी पदराने हात पुसले आणि त्यांना त्यांच्याबद्दल सांगायला लागले. म्हटलं, बोलत नाहीत फारसे. पण मी परळहून आले तेव्हा मला विहिरीची भीती वाटायची, आत वाकून बघितलं की पाय लटपटायचे. मी कुणाला बोलले नव्हते. त्यांनी एकदा पाहिलं असेल. दुसऱ्या दिवसापासून मी उठायच्या आत पाणी भरलेलं असायचं, आणि सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सून मुंबईची असून कामाला वाघीण आहे. म्हटलं, पावसाळ्यात माझी शाळा सुटली की ते माणिकपूरच्या नाक्यावर छत्री घेऊन उभे असायचे. विचारलं तर म्हणायचे, खत बघायला आलो होतो. माणिकपूरला कसलं आलंय खत! म्हटलं, ताप आला की ते लहान मुलासारखे होतात, आणि निखिल झाला तेव्हा त्याला उचलून घ्यायला घाबरत होते, म्हणून नुसतं त्याच्या पायाला बोट लावून बघत बसले. म्हटलं, मला फार आवडतात ते. तोंडावर कधी सांगायची वेळ आली नाही. पण फार आवडतात.

ऊन कलतं झालं होतं. केळी उलटायची राहून गेली होती. हरेश्वर इतक्या लक्षपूर्वक ऐकत होते की त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"मग थांबाया पायजे त्याच्यासाटी," ते म्हणाले.

"थांबलेय ना."

त्यांनी एक केळं उलटलं. ते उलटलेलंच होतं, ते त्यांनी पुन्हा उलटलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तो येईपरेंत मी बसू काय तुमच्याजवळ? एकट्या बसता. तो आला की मी उठंन."

मी नुसता पाट थोडा सरकवला. ते उठले, ताटीला वळसा घालून आले आणि माझ्याशेजारी बसले. त्यांनी हात पुढे केला. मी धरला. दोघांच्याही बोटांना पाक होता, ते चिकटले, आणि आम्ही दव पडेपर्यंत ते तसेच ठेवले. त्या दिवसाची केळी ओली होऊन वाया गेली.

त्यानंतर बटणं मी लावली. आंघोळ मी घातली. पहिल्यांदा पाठीवर पाणी ओतलं तेव्हा ते आखडले, मग मान खाली घालून विचारलं, "तुमच्या मालकाला चालंल ना?" मी म्हटलं, "चालेल. मी ओळखते त्यांना." त्यांनी खांदे सैल सोडले. त्या पाठीवरचा तीळ न् तीळ माझा होता आणि तरी मी परवानगी मिळालेल्या पाहुण्यासारखी साबण लावत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांच्या अंगाला हात लावायला कुणाची परवानगी लागली नव्हती, म्हणून ती मिळते तेव्हा काय मिळतं हेही कळलं नव्हतं. निखिल रविवारी आला, त्याने दारातून आम्हाला बघितलं आणि ती खोली दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितली.

मंगळसूत्र मी परत घातलं नाही. बोलणारे बोलले. संक्रांतीला सुमनने घरी हळदीकुंकू केलं, वाडीतल्या सगळ्या बायका आल्या, आणि मी मागे भिंतीला टेकून बसले, उगाच कुणाची पंचाईत नको. सुमन करंडा घेऊन उठली. दारापासून सुरुवात करायची सोडून सरळ माझ्यापर्यंत आली, सगळ्यांच्या आधी मला कुंकू लावलं, ठसठशीत, आणि मोठ्यांदा म्हणाली, "वहिनी, वाण घ्या." मग कुणीतरी तिळगूळ मागितला आणि पुन्हा गलबला सुरू झाला.

या वर्षी हरेश्वरांचं बोलणं जवळजवळ संपलंय. बोटंही आता केळं ओळखत नाहीत. मी सोलते, सुमन उलटते, आणि ते माझ्याशेजारी खुर्चीत बसतात, गुडघ्यांवर गोधडी, एक हात माझ्या हातात. मी कोण, हे विचारायचं त्यांनी सोडून दिलंय. स्वतः कोण, हेही. दुपारचं ऊन त्यांच्या डोळ्यांवर येतं तेव्हा मी खुर्ची फिरवते.

पण फाटक वाजलं की, मग कुणीही असो, टपालवाला, सुकेळी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, निखिल, त्यांचा हात माझ्या हातातून हळूच निघतो. खुर्चीचे दांडे धरून, सगळा जोर लावून, ते उठायला लागतात. पाय साथ देत नाहीत, तरी उठायला लागतात. आलेल्या माणसाला जागा करून द्यायला.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवते.

"ते नव्हेत हो," मी म्हणते. "बसा तुम्ही."

आणि ते बसतात.